रेवणप्पाचे चार खड्डे

रेवणप्पा हालकुडे उदगीरच्या आडत बाजारात तोलार होता. शेतकऱ्याच्या गाडीतून तूर, हरभरा, करडई उतरली की पोते काट्यावर लावायचे, आकडा मोठ्याने सांगायचा आणि पुढच्या पोत्याकडे वळायचे, हे काम त्याने बावीस वर्षे केले. राहायला तो सात किलोमीटरवरच्या बोरनाळला होता. सायकलने जायचा, सायकलने यायचा. उंची बेताची, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात कापडात बांधलेले लिंग, बोलणे कमी. १९८२च्या वैशाखापर्यंत त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे काही नव्हते. त्या वैशाखात त्याची आई सिद्धम्मा वारली.

लिंगायतांत मृताला जाळत नाहीत, बसलेल्या स्थितीत पुरतात. त्याला समाधी देणे म्हणतात. देहाला आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून भिंतीला टेकवतात आणि खड्डा तयार झाला की त्यातल्या कोनाड्यात तसाच बसवून मीठ, विभूती, बेलाची पाने घालतात आणि माती लोटतात. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात समाधी देतो. ज्याला नाही त्याने दुसऱ्याकडे जागा मागायची. बोरनाळमध्ये लिंगायतांची चौपन्न घरे होती, त्यांतली अकरा बिनशेतीची. ही अकरा घरे तीन पिढ्या मल्लिकार्जुनप्पा शेटे यांच्या ओढ्याकाठच्या पट्टीत आपली माणसे पुरत आली होती. त्यांना कुणी कधी अडवले नव्हते आणि कुणी काही लिहूनही दिले नव्हते. त्या वर्षी ओढा फाल्गुनातच आटला. शेट्यांनी पट्टीत विहीर घेतली आणि पुरायची जागा संपली.

सिद्धम्मा सकाळी आठला गेली. रेवणप्पा दुपारपर्यंत चार जणांच्या दारात जाऊन आला. शेवटी एका चुलत भावाने बांधाचा कोपरा दिला, पण तिथे हातभर खाली मुरूम लागला आणि खणणारे दोघे संध्याकाळी कुदळी टाकून गेले. आई ओसरीत भिंतीला टेकून बसलेली होती. तिचे डोके पुढे झुकू लागले तेव्हा जगदेवीने, म्हणजे रेवणप्पाच्या बायकोने, धोतराची पट्टी फाडून ते खुंटीला बांधले. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सैल करावी लागली, कारण मान फुगली होती. खड्डा दुपारी तीनला पुरा झाला. तोवर घरात कुणाला थांबवत नव्हते.

पाचव्या दिवशी रेवणप्पा तहसील कचेरीत गेला. गावाबाहेर सडकेला लागून सरकारी गायरान होते. त्यातले दहा गुंठे बिनशेतीवाल्यांच्या समाधीसाठी मिळावेत, एवढीच त्याची मागणी होती.

"एकट्या माणसाला गायरान कसं मिळंल?" कारकून म्हणाला. "संस्था काढा, नोंदणी करा, मग अर्जी द्या."

"संस्था म्हंजे काय लागतं?"

"सात माणसं अन् एक घटना."

घटना म्हणजे संस्थेचे नियम, हे रेवणप्पाला तिथेच कळले. कुणाकडून तरी नमुना मिळवून त्याने ती स्वतःच्या हाताने लिहिली. वजनाच्या चिठ्ठ्या लिहून त्याचे अक्षर चांगले झाले होते. नाव ठेवले 'समाधी साह्य मंडळ, बोरनाळ'. अध्यक्ष वजनदार असावा म्हणून तो मल्लिकार्जुनप्पांकडेच गेला. पट्टी बंद केल्याचा सल त्यांनाही असावा, कारण त्यांनी लगेच सही केली. गावचे जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित, मलय्या स्वामी उपाध्यक्ष झाले. सचिव रेवणप्पा. बाकीचे चौघे शेतीवाले होते, मल्लिकार्जुनप्पांनी सही केली म्हणून त्यांनीही केली. जुलैत कागद जिल्ह्याच्या गावी, उस्मानाबादला गेले.

ऑगस्टमध्ये जिल्हाच बदलला. उस्मानाबादचे तुकडे होऊन लातूर जिल्हा झाला आणि उदगीर तालुका लातुरात गेला. डिसेंबरात रेवणप्पाला टपालाने कागद परत आले. सोबतच्या पत्रात लिहिले होते की, जिल्ह्याचे नाव बदलून, सातही सभासदांच्या नव्या सह्यांसह अर्ज लातूरला सादर करावा. पत्रात कुठेही चूक नव्हती.

तोवर त्या साली पाऊस झालाच नव्हता. खरीप करपले, रब्बी पेरलीच गेली नाही. पौषात गावातली धडधाकट माणसे उसाच्या तोडणीला आणि रोजगार हमीच्या कामांवर निघाली. विहिरी खोदणारा व्यंकटीही अहमदपूरकडच्या पाझर तलावावर निघाला होता. तो मृगापर्यंत येणार नव्हता. मागच्या उन्हाळ्यात त्या अकरा घरांत पाच म्हातारी माणसे गेली होती. या उन्हाळ्यात त्याहून कमी जातील असे मानायला काही कारण नव्हते आणि त्यांच्यासाठी मुरूम फोडणारे गावात कुणी उरणार नव्हते. रेवणप्पाने हा हिशेब मांडला आणि व्यंकटीला थांबवले.

"जायच्या आधी चार खड्डे खणून दे."

"कोण मेलं?"

"अजून न्हाई कोणी."

व्यंकटीने कामाचे विचारले. "कोणाच्या पावलानं मोजू, अप्पा?"

हा खरा प्रश्न होता. त्या भागात समाधीचा खड्डा मेलेल्याच्याच पावलाने मोजतात. आधी पायाच्या लांबीची काडी तोडायची, मग त्या काडीने नऊ वेळा लांबी आणि पाच वेळा रुंदी. त्यामुळे माणूस मरायच्या आधी खड्डा कधीच खणला जात नाही. तशी कुणी मनाई केलेली नाही. मापच नसते, म्हणून खणत नाहीत.

रेवणप्पाने चप्पल काढली. "माझ्या पावलानं मोज. मोठा झाला तर बाजूनं माती लावता येती. लहान झाला तर काय करणार?"

सहा दिवसांत चार खड्डे झाले. नोंदणी नव्हती, जागेचा कागद नव्हता. सडकेवरून जाणाऱ्याला ते चारही दिसत. एक बाभळीखाली होता, तीन उघड्यावर. गावात बोलणे सुरू झाले. रेवणप्पाजवळ चार नावांची यादी आहे, असे एकाने सांगितले. ती यादी पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी सापडला.

बिनशेतीवाल्यांतली सर्वांत म्हातारी रत्नम्मा होती. मुलगा आणि सून तोडणीला गेलेले, ती एकटी मागे. काठी टेकत ती गायरानात आली. बरोबर शेजारीण केवळाबाई होती.

"रेवण्या, ह्यातला माझा कोन्ता?"

"मावशी, नावं टाकली न्हाईत मी."

"मग टाक. बाभळीखालचा मला. जिंदगीत ऊन लई झालं." तिने कडेकडेने पावलाला पाऊल लावून लांबी मोजली. बारा भरली. "मी ह्यात हरवून जाईन की रे. केवळीला बी बसव शेजारी. बोलायला कोणीतरी व्हईल."

"तुझ्यासंगं?" केवळाबाई म्हणाली. "जित्तेपणी ऐकून कान किटलेत. मला पल्याडचा दे, रेवणप्पा."

हे दोघींनाच जमले. बाकीचे तिकडून जाताना मान फिरवून जात.

खड्डे पुरे झाल्यावर सहाव्या दिवशी मल्लिकार्जुनप्पांचे वडील वारले. वय ब्याऐंशी, दोन वर्षे अंथरुणावर. त्यांच्या मळ्यात सालगड्यांनी चार तासांत खड्डा खणला आणि दुपारच्या आत समाधी झाली. संध्याकाळी रेवणप्पा नव्या अर्जाचे कागद घेऊन गेला नाही. आठ दिवस थांबून गेला.

मल्लिकार्जुनप्पांनी कागदाला हात लावला नाही. "चार तोंडं उघडी करून ठेवलास गावाबाहेर. पहिला घास माझ्या घरातून गेला."

"अप्पा, त्यांची तब्येत दोन सालापासून..."

"मला तब्येत सांगू नको. त्या खड्ड्यांत कोणाच्या पायाचं माप हाय?"

"माझ्या."

"मग तू जायचास. माझा बाप कामून गेला?"

रेवणप्पा कागद उचलून निघाला. मंडळातल्या चौघा शेतीवाल्यांनीही सही करायचे नाकारले. मंडळात रेवणप्पा आणि मलय्या स्वामी दोघेच उरले. माघात तहसिलाची नोटीस आली. सडकेकडचे गायरान नव्या जिल्ह्यात धान्याच्या सरकारी गोदामासाठी लागणार होते. विनापरवाना खणलेले खड्डे एप्रिलअखेर बुजवावेत, असे तीत लिहिले होते. रेवणप्पा पुन्हा कचेरीत गेला. नोंदणीचा कागद आला तर मंडळाला दुसरीकडे जागा देता येईल, आला नाही तर काहीच देता येणार नाही, असे त्याला सांगण्यात आले.

पाच नावे कमी होती. जगदेवीला घ्यावे तर एका घरातले दोघे चालत नाहीत, असे कळले. मग तिनेच सुचवले.

"ज्यांची सोय करायलाव त्यांनाच घ्या की सभासद. शेतीवाल्यांना काय पडलंय?"

"त्यांना लिहिता येत न्हाई."

"अंगठा हाय का न्हाई त्यांना?"

अकरा घरांत मागे राहिलेली म्हातारी माणसे नऊ होती. त्यांतल्या पाच जणांनी अंगठे दिले. पहिला अंगठा रत्नम्माचा, मग केवळाबाईचा, मग मलप्पाचा, आणि आणखी दोघांचे. अध्यक्षपदी रत्नम्माचे नाव घातले. तिला ते वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "आता मला अध्यक्षीण म्हनायचं सगळ्यानी. केवळे, तू बी." मार्चात कागद लातूरला गेले. सातांतले पाच सभासद निरक्षर आणि साठीच्या पुढचे, म्हणून कचेरीने प्रत्यक्ष पडताळणी ठरवली. तपासनीस अकरा एप्रिलला येणार होते. सातही जणांनी हजर राहायचे होते.

गावाला तेव्हा टँकर तीन दिवसांनी येत होता. रत्नम्मा घागर घेऊन रांगेत उभी राहायची. आठ एप्रिलला ती रांगेतच बसली आणि उठली नाही. घरी नेल्यावर दोन दिवसांनी, दहा तारखेच्या सकाळी, ती गेली.

मुलगा तोडणीच्या फडात होता, त्याला कळवायला वेळ नव्हता. मलय्या स्वामींनी विधी केला. बाभळीखालचा खड्डा तयार होता. रेवणप्पाने तिच्या पायाची काडी तोडून माप घेतले आणि जास्तीची जागा दोन्ही बाजूंनी माती दाबून कमी केली. त्याला दीड तास लागला. सकाळी अकराच्या आत सगळे आटोपले. पट्टी बंद झाल्यापासून बिनशेतीच्या घरातले हे पहिलेच माणूस होते, ज्याला त्याच दिवशी माती मिळाली.

पण मंडळात आता सहाच उरले. उरलेल्या चार म्हाताऱ्यांकडे रेवणप्पा त्याच दुपारी गेला. चौघांनीही हात मागे घेतले. पहिला अंगठा रत्नम्माने दिला आणि पहिली तीच गेली, हे सगळ्यांनी पाहिले होते.

संध्याकाळी मलप्पाने सुचवले. "माझी बहीण आली हाय देगलूरहून. तिला बसवा रत्नम्माच्या नावावर. तो साहेब काय वळखतो?"

"अंगठा जुळंल का?" जगदेवीने विचारले.

"अंगठा कोण बघतं, माय."

सगळे रेवणप्पाकडे पाहू लागले. तो म्हणाला, "सकाळी माती लोटली मी तिच्यावर. उद्या तिला हजर म्हनू?"

"मंडळ बुडंल," मलप्पा म्हणाला.

"बुडंल."

दुसऱ्या दिवशी तपासनीस दहाच्या बसने उतरले. मारुतीच्या पारावर सहा जण बसले होते. त्यांनी नावे पुकारली, प्रत्येकाला संस्थेचा उद्देश विचारला. केवळाबाईने सांगितले, "मेल्यावर बसायला जागा." त्यांनी ते तसेच लिहून घेतले. मग अध्यक्षांचे नाव पुकारले.

"काल गेल्या," रेवणप्पा म्हणाला.

"कुठे?"

रेवणप्पाने त्यांना गायरानात नेऊन ओली माती दाखवली. तपासनीस माणूस वाईट नव्हता. "तुम्ही दुसरं कुणी उभं केलं असतं तर मला कळलं नसतं," ते म्हणाले. "पण आता सहाच आहेत. सातवं नाव महिनाअखेरपर्यंत लातूरला आणून द्या. तोपर्यंत अर्ज माझ्याकडे ठेवतो."

सातवे नाव देऊ शकणारा गावात एकच माणूस होता. त्याची सही आली असती तर भीतीही गेली असती. रेवणप्पा तीन वेळा मल्लिकार्जुनप्पांकडे गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी खाट दाखवली, पाणी दिले.

"सही करतो. अध्यक्ष बी होतो. तहसीलदाराला भेटून माळावरची जागा मिळवून देतो. पण उरलेले तीन खड्डे बुजव. अन् घटनेत लिही, माणूस मरायच्या आधी मंडळानं कुदळ लावायची न्हाई."

"अप्पा, मंडळ त्याच्याचसाठी हाय."

"मंडळ जागेसाठी हाय. जागा मी देऊन राहिलो."

माळ म्हणजे गावाच्या उत्तरेचा खडक. तिथे शेळ्यासुद्धा चरत नाहीत. पण ती मंडळाच्या नावावर कायमची होणार होती, आणि नोंदणी नाही तर एप्रिलअखेर काहीच राहणार नव्हते. रेवणप्पाने दोन दिवस विचार केला. जगदेवीने विचारले तेव्हा तो म्हणाला, "जागा तर राहील." मग त्याने घटनेत कलम नऊ आपल्याच अक्षरात घातले आणि तीन खड्डे बुजवले. व्यंकटीने सहा दिवसांत खणलेले खड्डे भरायला त्याला एकट्याला चार दिवस लागले. केवळाबाई बांधावर बसून पाहत होती.

नोंदणीचा कागद मेच्या तिसऱ्या आठवड्यात आला. त्यावर क्रमांक होता, शिक्का होता, नव्या जिल्ह्याचे नाव होते. मल्लिकार्जुनप्पांनी नारळ फोडला. गायरानात गोदामाचे तारेचे कुंपण पडले. रत्नम्माची समाधी कुंपणाच्या आत गेली.

जूनच्या चार तारखेला मलप्पा वारला. वेळ दुपारची. मृग जवळ आला होता, पण आभाळात काही नव्हते आणि व्यंकटी परतला नव्हता. मलप्पाच्या पायाची काडी घेऊन रेवणप्पा आणि मलय्या स्वामी माळावर गेले. जंगमाने पहार धरण्याची रीत नाही, पण दुसरे कुणी नव्हते. वीतभर मातीखाली खडक लागला. उदगीरहून दोन माणसे आणायला रेवणप्पाने सायकल मारली, एकच मिळाला. मल्लिकार्जुनप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन सालगडी पाठवले. खड्डा पुरा व्हायला सव्वा दिवस लागला आणि तो छातीइतका खोल झालाच नाही, कमरेच्या वर थोडाच. मलप्पाला मान खाली दाबून बसवावे लागले. त्याची देगलूरची बहीण पाहत होती. तिने रेवणप्पाला विचारले, "भाऊ, ते तीन कामून बुजवलात?"

पुढच्या सोमवारी, बाजाराला जायच्या आधी, रेवणप्पा पहार घेऊन माळावर गेला. नंतर रोज जाऊ लागला. दिवसाला चार बोटे खोल, कधी तीन. माप पुन्हा स्वतःच्या पायाचे घेतले होते. बाराव्या दिवशी मल्लिकार्जुनप्पांनी सभा बोलावली.

"कलम नऊ वाच, रेवणप्पा," ते म्हणाले.

त्याने वाचले.

"कोणाचं अक्षर हाय?"

"माझं."

"मग तूच सांग काय करायचं ते."

केवळाबाई म्हणाली, "खणू द्या की त्याला. तुमच्या मळ्यात खणतोय का तो?"

बाकीचे दोघे म्हातारे जमिनीकडे पाहत होते. त्यांनी मल्लिकार्जुनप्पांच्या बाजूने हात वर केले. मलय्या स्वामींनी सगळ्यांत शेवटी केला. "लिहिलेलं हाय ते हाय," ते म्हणाले आणि रेवणप्पाकडे त्यांनी पाहिले नाही. सचिवाला कलम नऊच्या भंगाबद्दल मंडळातून कमी करण्याचा ठराव चार विरुद्ध एक असा झाला. नवा सचिव नेमेपर्यंत लिहायला दुसरे कुणी नव्हते, म्हणून ठराव रेवणप्पानेच वहीत लिहिला. खाली सही करून वही अध्यक्षांच्या पुढे सरकवली.

खणणे त्याने थांबवले नाही. मृग कोरडा गेला. आषाढ लागला त्या आठवड्यात केवळाबाई पहाटे झोपेतच गेली. खड्डा छातीइतका झाला होता. बाजूंनी माती लावून तो तिच्या मापाचा केला आणि सकाळी साडेनऊला मलय्या स्वामींनी बेलाची पाने टाकली. मल्लिकार्जुनप्पा आले, त्यांनीही मूठभर माती टाकली. रेवणप्पा मंडळाच्या जागेच्या हद्दीबाहेर, दगडांच्या ओळीपलीकडे उभा होता.

लोक पांगल्यावर मल्लिकार्जुनप्पा त्याच्याजवळ आले. "आज चाललं. पण जागा मंडळाची हाय. पुढचा खणशील तर फिर्याद द्यावी लागंल मला."

"द्या," रेवणप्पा म्हणाला. "एक भरला म्हनून दुसरा खणला, असं लिवा त्यात." त्याने पहार सायकलीला बांधली आणि बाजाराचा रस्ता धरला. पोचायला उशीर झाला, पण त्या दिवशी आवक अकराच पोत्यांची होती.